अकरा माड

मालोजीचं लग्न झालं ते एकोणीसशे बावीस साली, आणि त्याच वर्षी अंबाजीरावांचा दुसरा डोळाही गेला. पहिला दोन वर्षं आधीच गेला होता, पण एका डोळ्यावर माणूस बराच काळ तोऱ्यात राहू शकतो. लग्नात सुनेचं तोंड त्यांना नीट दिसलं नाही. आवाज मात्र त्यांनी ओळखीचा करून घेतला, आणि तीच त्यांना पत्रं वाचून दाखवू लागली. मग मालोजीची शिमोग्याला बदली झाली. सून नागरत्ना त्याच्यामागं जाणार हे ठरलं, तेव्हा रस्त्याकडच्या ओट्यावर, ज्याला चामराजपुरमात सगळे जगलीच म्हणत, तिथं बसून अंबाजीराव बायकोला म्हणाले, "ही गेली की माझी पत्रं कोण वाचणार? अगं, जन्मभर तांदूळ निवडलेस, पन्नास अक्षरं निवडायला काय होतं तुला? शीक." गोदावरीबाई शिकल्या त्या अशा, हुकूम झाला म्हणून. वय पन्नाशीच्या पुढं. नागरत्नाचे वडील गंगाधरराव घरी पोथी लावायचे, त्यांनी लेकीला बाळबोध शिकवलं होतं, तेच तिनं सासूला शिकवलं. चूल आणि विहीर यांच्यामधल्या पायरीवर पाटी असायची. शेजारच्या भवानीबाई कुंपणावरून मान काढायच्या. "अय्यो, गोदावरीबाई, या वयात पाटी? उद्या कचेरीत जाणार की काय पगडी घालून?" गोदावरीबाई म्हणायच्या, "जाते की. तुम्हाला शिपाई ठेवते." नागरत्ना हसायची आणि म्हणायची, "अत्ते, लक्ष इकडं. हा 'थ' आहे, ह्याला गाठ मारा." सहा महिन्यांत त्यांना वाचता यायला लागलं. भरभर नाही. चिखलातून पाय काढत चालावं तसं, एक अक्षर सुटलं की दुसरं.

आता पुढच्या वर्षीचं नवरात्र होतं, अष्टमीची दुपार. नागरत्ना शिमोग्याला होती, घरात दोघंच. यंदा जुन्या शिलेदारांना जंबूसवारीच्या, म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकीच्या, वाटेवर पुढं बसायला जागा देणार अशी बातमी कोणीतरी जगलीवर सांगून गेलं होतं. ज्याच्याकडं शिलेदारीचा कागद असेल त्यानं तो दाखवायचा. अंबाजीरावांनी सकाळपासून एकच लावून धरलं होतं. दिसणार काहीच नव्हतं, पण पुढच्या रांगेत बसलं तर टापा ऐकू येतील, घोड्यांचा वास येईल. "पत्र्याच्या पेटीत बघ," ते ओट्यावरून ओरडले. "तळाला. लांबडा कागद, खाली शिक्का." गोदावरीबाई माजघरात जमिनीवर बसल्या, पेटी पुढ्यात ओढली. तळाला दोन कागद होते. एक लांबडा, शिक्क्याचा. दुसरा चौकोनी घडीचा, घडीवर तपकिरी रेघ पडलेला. तो त्यांनी ओळखला. न वाचता ओळखला, जसं माणूस पाठमोरंही ओळखू येतं. रघुनाथरावाचं पत्र. समुद्राकाठून आलेलं. रघुनाथराव अंबाजीरावांच्याच पथकातला, नोकरी सोडून मंगळुराच्या दक्षिणेला बायको गिरिजा आणि पोरांसह जाऊन राहिलेला, पोथीवरून अक्षर शिकलेला, म्हणून मोडी न लिहिता जाड जाड बाळबोध लिहिणारा. त्या पत्रातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. अठरा वर्षांपूर्वी अंबाजीरावांनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं होतं, उभं राहून, पथकातला हुकूम वाचतात तसं. गोदावरीबाईंना वाटलं, बघू तरी, आपल्याला पाठ असलेलं कागदावर कसं दिसतं. देवाचं नाव तोंडपाठ असावं आणि मग एक दिवस मूर्ती दिसावी, तेवढंच कुतूहल. त्यांनी घडी उलगडली आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

पहिली ओळ पाठातल्यासारखीच होती. राजश्री अंबाजीराव यांस रघुनाथरावाचा रामराम. दुसरी ओळही तशीच सुरू झाली, इकडे ऊन. मग बोट पुढं गेलं आणि जे यायला हवं ते आलं नाही. पाठात पुढं होतं, "बारा महिने, थंडी कशाला म्हणतात ते इथल्या लोकांना ठाऊक नाही." कागदावर होतं, "आहे, पण ते उन्हाचे आठ महिने संपले म्हणजे जो पाऊस लागतो तो माणसाला राहू देत नाही." त्यांना वाटलं, आपलं वाचणं कच्चं. त्यांनी पदरानं चष्मा नसलेले डोळे पुसले आणि परत पहिल्यापासून लावलं. "गावात ताप आहे. आमची धाकटी श्रावणात गेली. गिरिजा बोलत नाही, नुसती बसून असते. घर स्वस्त आहे, मासळी स्वस्त आहे, ते मागच्या पत्रात लिहिले ते खोटे नव्हे, पण तेव्हा पाऊस पाहिला नव्हता. तुम्ही विचारता पोरे घेऊन यावे का. येऊ नका. यायचेच झाले तर एकटे या, पाहून जा. पोरांना आणू नका." येऊ नका. या दोन अक्षरजोड्या त्यांनी चार वेळा लावून पाहिल्या. इतक्या सोप्या होत्या की नागरत्नानं पहिल्या आठवड्यात शिकवल्या असत्या.

"सापडलं का?" बाहेरून आवाज आला.

"बघते," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच निघाला याचं त्यांना नवल वाटलं.

पत्र आलं त्या साली वैशाखात लाखीचा गुडघा गेला होता. लाखी म्हणजे अंबाजीरावांची घोडी. शिलेदाराचा घोडा सरकारचा नसतो, त्याचा स्वतःचा असतो. घोडा आहे तोवर जागा आहे, घोडा गेला की जागा गेली. म्हणून शिलेदार पोरांच्या आधी घोड्याला चारतो आणि घोडा कोणाला देत नाही. अंबाजीरावांनी दिला. चामराजपुरमातल्या एका बड्या लग्नात नवरदेवाला बसायला, कारण नवरदेवाच्या बापानं चारचौघांत म्हटलं होतं की लाखीसारखी घोडी साऱ्या म्हैसुरात नाही. वरातीत फटाका फुटला, लाखी दगडी फरसावर घसरली. नवरदेवाला काही झालं नाही. आषाढातल्या पाहणीत सांगण्यात आलं, दुसरा घोडा आणा किंवा जागा सोडा. अंबाजीराव घरी आले आणि तीन दिवस लाखीच्या गुडघ्याला हळद बांधत बसले. गोदावरीबाईंना तेव्हा वाटलं होतं, घोडीचं दुःख आहे. आता, कागद मांडीवर घेऊन बसल्यावर, त्यांना ते तीन दिवस दुसरीकडून दिसले. ते दसऱ्याचे दिवस मोजत होते. विजयादशमीला पथक रस्त्यानं जाणार, आणि आपण फेटा बांधून रस्त्याच्या कडेला उभं राहणार, भाजीवाल्यांच्या आणि लेकुरवाळ्या बायांच्या मधे. कोणीतरी विचारणार, "काय अंबाजीराव, आज खाली?" तेवढं टाळायचं होतं. बस. तेवढ्याचसाठी दसऱ्याच्या आधी म्हैसूर सोडायचं होतं, आणि पुरुषमाणूस लाजेखातर गाव सोडतो असं कोणी म्हणू नये म्हणून बायकोच्या छातीचं निमित्त हवं होतं.

छाती खरीच धरायची. मार्गशीर्ष-पौषात म्हैसुरातली सकाळ त्यांच्या बरगड्यांत जाऊन बसायची, श्वासाला शिट्टी लागायची. अंबाजीरावांनी पत्र वाचलं त्या संध्याकाळी त्या दिवा पुसत होत्या. वनजा सात वर्षांची, मालोजी चार. वनजा बापाच्या पायाशी बसून ऐकत होती. "इकडे ऊन बारा महिने," अंबाजीराव वाचत होते, "थंडी कशाला म्हणतात ते इथल्या लोकांना ठाऊक नाही. गिरिजेची कंबर धरली होती ती सुटली. म्हैसुरात गोठा मिळणार नाही एवढ्या भाड्यात घर मिळते. अंगणात अकरा माड आहेत. नारळ विकत घ्यायचा ही गोष्टच इथे नाही. मासळी दारात येते. वहिनींचा दमा महिन्यात जाईल. लोक परक्याला मान देतात. अवश्य यावे." वनजानं विचारलं होतं, "अप्पा, अकरा म्हणजे किती?" आणि त्यांनी तिची दोन्ही हातांची बोटं उघडून, अकरावं म्हणून तिचं नाक धरलं होतं. गोदावरीबाई म्हणाल्या होत्या, "परत वाचा की." त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं, एक शब्द न बदलता. आत्ता त्यांना त्याचीच भीती वाटली. जे कागदावर नाही ते तीनदा तसंच्या तसं वाचायला किती तयारी लागली असेल? ओट्यावर बसून, घोडीच्या गुडघ्याला हळद चोळताना, हा माणूस अकरा माड रुजवत होता. तिसऱ्या वाचनानंतर गोदावरीबाईच म्हणाल्या, "जाऊ या की." हे त्या म्हणाल्या होत्या. हे खरं होतं. या दोन शब्दांवर पुढं अठरा वर्षं गेली.

हुणसूर मागं पडलं, मडिकेरीचा घाट उतरला, संस्थानची हद्द कधीच संपली होती. बैलगाडीमागं लाखी लंगडत येत होती, कारण तिला विकायला अंबाजीराव तयार नव्हते. समुद्राकाठी कोण शिलेदारी करणार, लंगडी घोडी तिथं कोणाला हवी, हे विचारायची सोय नव्हती. नवव्या दिवशी ते घर आलं. रिकामं. घरमालक अंबाजीरावांशी बराच वेळ हात हलवत बोलला. अंबाजीराव परत आले आणि म्हणाले, "गिरिजाबाईंना माहेरी जायचं झालं म्हणे. आठ दिवसांपूर्वीच रघुनाथराव तिला घेऊन सोंडूरला गेले. चुकामूक झाली. घर आपल्याला द्यायला सांगून गेलेत." भिंतीतल्या कोनाड्यात चन्नपट्टणची एक लाकडी बाहुली राहिली होती, लाल-पिवळी, एक हात नसलेली. वनजानं ती उचलली आणि छातीशी धरली. गोदावरीबाईंना वाटलं, नव्या घरात पोरीला आल्या आल्या खेळणं मिळालं, शकुन चांगला. शेजारची एक बाई रोज पाणी भरायला यायची. ती बाहुलीकडं बोट दाखवायची, मग वनजाकडं, आणि हात आडवा हलवायची, काहीतरी तुळूत बोलायची. गोदावरीबाईंना म्हैसूरची कन्नड यायची, तुळू यायची नाही. त्या हसून मान हलवायच्या. ती बाई मात्र हसायची नाही, घागर उचलून जायची. पुढं पुढं तिनं येणंच सोडलं. गोदावरीबाईंनी अंबाजीरावांना म्हटलं होतं, "लोक परक्याला मान देतात म्हणे, पण उंबऱ्याच्या आत कोणी येत नाही." पहिल्याच दिवशी त्यांनी माड मोजले होते. सात निघाले. त्यांना वाटलं, चार कोणी तोडले असतील.

आणि ऊन होतं. हे नाकारायचं कसं? पत्रात खोटं होतं पण ऊन होतं. आश्विनापासून वैशाखापर्यंत पांढरं, भरपूर, खारट ऊन. गोदावरीबाईंची छाती पहिल्या महिन्यातच मोकळी झाली. त्या उताण्या झोपू लागल्या, लग्नाआधी झोपायच्या तशा. अंगणात मिरच्या वाळत, मासे वाळत, त्यांचे केस वाळत, आणि त्यांना काही आठवत नसे, चामराजपुरम नाही, पहाटेची शिट्टी नाही. वनजा काळी झाली, दातच तेवढे पांढरे. ती लाखीला घेऊन वाळूत जायची. लाखीला लाट आवडायची नाही. लाट आली की ती दुखरा पाय वर धरून उभी राहायची, आणि गावातली माणसं कामं सोडून घोडी बघायला जमायची. अंबाजीराव तेव्हा फेटा बांधायचे. तेवढीच त्यांची जंबूसवारी. गोदावरीबाई सुखी होत्या. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या घरानं पोर खाल्लं त्या घरात आठ महिने आपण सुखी होतो, पोटभर श्वास घेत होतो, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

मग पाऊस लागला. खोगिराच्या चामड्यावर हिरवी बुरशी आली. ती पुसली की दुसऱ्या दिवशी परत. मीठ भांड्यातच पाणी व्हायचं. श्रावणात वनजाला ताप आला. पहिल्या दिवशी थंडी वाजली, जिथं थंडी कशाला म्हणतात ते लोकांना ठाऊक नाही तिथं पोर चार घोंगड्यांखाली दात वाजवत होती. "अव्वा, ऊन कुठं गेलं?" ती विचारायची. वैद्य आला, त्यानं नाडी पाहण्याआधी बाहुली पाहिली आणि अंबाजीरावांकडं पाहिलं. अंबाजीराव दुसरीकडं बघत होते. ते बघणं गोदावरीबाईंना सतरा वर्षं आठवत होतं, त्याचा अर्थ मात्र आज लागला. सहाव्या दिवशी वनजा गेली. त्या संध्याकाळी, पाऊस लागलेला असताना, अंबाजीराव दारात बसून कोणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "जाऊ या म्हणालं कोण? मी म्हणालो?" ते पहिल्यांदा. नंतर परत आल्यावर भवानीबाईंसमोर म्हणाले, "हिच्या छातीसाठी गेलो बाबा. मला काय, मी शिलेदार माणूस, मला कोणती थंडी?" मालोजी मोठा झाल्यावर त्याच्यासमोर म्हणाले. एका लाकडाच्या वखारीवर राखणदार म्हणून उभं राहायची वेळ आली तेव्हा म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ते सहज म्हणायचे, पान लावता लावता, जणू दोघांना ठाऊक असलेली गोष्ट. आणि गोदावरीबाई मान खाली घालायच्या, कारण म्हणाल्या तर त्याच होत्या. म्हैसूरला परत आल्यापासून त्यांनी मोगरा माळला नाही. सवाशीण बाईनं डोकं मोकळं ठेवायचं म्हणजे गल्लीत चर्चा. "वासानं डोकं धरतं," त्या सांगायच्या. दारावरून फुलवाली ओरडत जायची, "मल्लिगे, मल्लिगे," आणि त्या कान दुसरीकडं लावायच्या. छातीची शिट्टी परत आली होती. ती आली तेव्हा त्यांना बरंच वाटलं. घेतलेलं परत केल्यासारखं.

"अगं, झोपलीस का पेटीत?" अंबाजीराव ओरडले. "मालोजीला कळवतो, तुझ्या आईला वाचता आलं, शोधता येत नाही."

गोदावरीबाई हसल्या नाहीत. हा कागद अंबाजीरावांनी का जाळला नाही, हे त्या स्वतःला विचारत होत्या. उत्तर इतकं साधं होतं की त्याचा संताप यायला वेळ लागला. जाळायची गरज काय? घरात वाचणारा एकटा तोच. जनावरासमोर माणूस लपवालपवी करतो का? आणि ती वाचायला शिकली तेव्हाही त्याच्या मनात हे दोन विचार एकमेकांना भेटले नसतील, पेटीतला कागद आणि पायरीवरची पाटी. "शीक," तोच म्हणाला होता. त्यांना वाटलं, ओट्यावर जावं आणि कागद त्याच्या तोंडासमोर धरून, एक एक अक्षर सुटं करत, गल्ली ऐकेल अशा आवाजात वाचावं. ये-ऊ-न-का. पोरां-ना-आ-णू-न-का. मग काय होईल? तो म्हणेल, तुझं वाचणं कच्चं. किंवा रडेल. आंधळा म्हातारा ओट्यावर रडला की गल्ली त्याच्या बाजूनं होते. अठरा वर्षांचं हे असं चार घटकांत, भवानीबाईंच्या सांत्वनात, संपवून टाकायचं? त्यांनी शिक्क्याचा कागद पेटीवर ठेवला, चौकोनी घडी हातात घेतली आणि बाहेर गेल्या.

अंबाजीराव खांबाला टेकून बसले होते. फेटा आजच काढून धुऊन वाळत घातला होता. डोळ्यांत ते दुधासारखं पांढरं. त्यांनी कागदाचा आवाज ऐकला आणि हात पुढं केला. "सापडला?"

"एक पत्र सापडलं," गोदावरीबाई त्यांच्याशेजारी बसल्या. "रघुनाथरावांचं."

हात तसाच पुढं राहिला. "ते कशाला? मी शिलेदारीचा कागद मागितला."

"तोही आहे. हे आधी ऐका. मला वाचता येतं आता. तुम्हीच शिकायला लावलंत."

"ठेव ते. जुनं आहे."

"जुनंच बरं असतं वाचायला," त्या म्हणाल्या, आणि कागद उलगडून पुढ्यात धरला. धरला तो उतरत्या उन्हात, नीट, जसं नागरत्नानं सांगितलं होतं. पण त्यांनी कागदाकडं पाहिलं नाही. रस्त्याकडं पाहिलं आणि सुरुवात केली, अंबाजीरावांच्याच चालीत, जिथं ते थांबले होते तिथं थांबत. "राजश्री अंबाजीराव यांस रघुनाथरावाचा रामराम. इकडे ऊन बारा महिने. थंडी कशाला म्हणतात ते इथल्या लोकांना ठाऊक नाही. गिरिजेची कंबर धरली होती ती सुटली." अंबाजीरावांचा हात मांडीवर आला. "म्हैसुरात गोठा मिळणार नाही एवढ्या भाड्यात घर मिळते. अंगणात अकरा माड आहेत." इथं वनजानं मधे विचारलं होतं. गोदावरीबाई तेवढा वेळ थांबल्या. अंबाजीरावांची मान किंचित खाली झाली, पायाशी कोणी बसलंय असं वाटल्यासारखी.

"साकु," ते हळूच म्हणाले. "पुरे गं."

"अजून आहे. नारळ विकत घ्यायचा ही गोष्टच इथे नाही. मासळी दारात येते. वहिनींचा दमा महिन्यात जाईल. लोक परक्याला मान देतात. अवश्य यावे." त्यांनी घडी घातली, जुन्याच रेघेवर.

गल्लीतून एक टांगा गेला. एरवी घोड्याची चाल कशी आहे ते अंबाजीराव न विचारता सांगायचे. आज त्यांचा कान कागदाकडं होता. म्हणाले, "कागदावर... तेवढंच आहे?"

"तुम्ही वाचलंत तेच आहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

त्यांनी चेहरा तिच्या आवाजाकडं वळवला. तिनं खरं वाचलंय की नाही, हे पांढऱ्या डोळ्यांनी शोधायचा ते प्रयत्न करत होते. "गोदा," ते म्हणाले. हे नाव त्यांनी मालोजी झाल्यापासून घेतलं नव्हतं. त्यांनी कागदासाठी परत हात पुढं केला. हातात घेऊन करणार काय होते कोण जाणे. गोदावरीबाई उठल्या, आत गेल्या, शिक्क्याचा कागद आणून त्या हातात ठेवला, आणि दुसरा चोळीत ठेवून दिला. रस्त्यावर फुलवाली आली होती. त्यांनी तिला हाक मारली. "मल्लिगे दे," त्या म्हणाल्या, "हातभर." भवानीबाई कुंपणावरून बघत होत्या. "अय्यो, डोकं धरेल हो!" त्या म्हणाल्या. "धरू दे," गोदावरीबाई म्हणाल्या, आणि तिथंच, ओट्यावर बसलेल्या नवऱ्याच्या नाकाशी वास जाईल अशा अंतरावर उभं राहून, त्यांनी गजरा माळला.

दशमीला अंबाजीराव गेले नाहीत. न्यायला जुन्या पथकातले नागोजीराव आले होते, फेटा वाळलेला होता, कागद हातात होता. "सुम्ने बसतो इथं, गपचूप," ते म्हणाले. संध्याकाळी लांबून टापा ऐकू आल्या तेव्हा ते आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले. त्यानंतर ते तिला काही विचारत नव्हते. मालोजीची दोन पत्रं आली, ती वाच असंही म्हणाले नाहीत. "जाऊ या म्हणालं कोण" हेही परत कधी म्हणाले नाहीत. रोज फुलवाली आली की त्यांची मान दाराकडं वळायची, तेवढंच.

वनजा अंबाजीराव, वय आठ, मंगळुराच्या दक्षिणेला भाड्याच्या घरात श्रावण वद्य चतुर्थीला गेली, सन एकोणीसशे सहा. अंबाजीराव शिलेदार म्हैसुरात, चामराजपुरमच्या घरी, आश्विन वद्य सप्तमीला गेले, सन एकोणीसशे तेवीस. गोदावरीबाईंना फुलं माळायला चौदा दिवस मिळाले होते.